कापसाचा भाव ठरतो कुठे? जागतिकीकरण आणि कोरडवाहू कापूस उत्पादक



कापसाची पहिली वेचणी घरात आली की प्रत्येक कापूस उत्पादकाच्या मनात एकच प्रश्न असतो. यंदा भाव काय राहील? शेजारी एक आकडा सांगतो, अडत्या दुसरा सांगतो, वर्तमानपत्रात तिसराच छापून येतो. दिवाळीच्या गरजेपोटी कोणी मिळेल त्या भावाने कापूस विकतो, तर कोणी तेजीच्या आशेने मार्च-एप्रिलपर्यंत घरात भरून ठेवतो. दोघांपैकी कोणाचा निर्णय बरोबर ठरेल हे बहुतेक वेळा नशिबावर सोडलेले असते.

वास्तविक कापसाचा भाव नशिबाने ठरत नाही. तो आपल्या बाजार समितीच्या आवारातही पूर्णपणे ठरत नाही. अमेरिकेतील वायदे बाजार, चीनमधील सूतगिरण्यांची मागणी, ब्राझीलमधील पीक, डॉलरचा दर आणि दिल्लीतील आयात-निर्यात धोरण यांचा तो एकत्रित परिणाम असतो. यालाच आपण सोप्या भाषेत जागतिकीकरण म्हणतो. विकसनशील देशांवर जागतिकीकरणाचा परिणाम काय झाला, याची चर्चा सहसा मोठमोठ्या आकड्यांनी केली जाते. प्रस्तुत लेखात हा विषय केवळ एका पिकाच्या आधारे समजून घ्यावयाचा आहे. ते पीक म्हणजे आपला कापूस.

वऱ्हाडला जागतिक बाजार नवा नाही

जागतिकीकरण १९९१ साली सुरू झाले असा सर्वसाधारण समज आहे. परंतु वऱ्हाडातील कापसाचा परदेशी बाजाराशी संबंध त्याहून फार जुना आहे. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा कापूस बंद पडला. गिरणीमालकांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळविला आणि येथील भाव गगनाला भिडले. मुंबईच्या बाजारात अफाट पैसा खेळू लागला. सावकार हात मोकळा सोडून कर्ज देऊ लागले. कापूस वाहून नेण्याची सोय व्हावी म्हणून लोहमार्गांना वेग आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी स्वतंत्र फाटा सुरू झाला.

पण १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला आणि भाव कोसळले. मुंबईतील पेढ्या बुडाल्या. खेड्यात मात्र तेजीच्या काळात घेतलेले कर्ज तसेच राहिले. सरकारचा वाढीव सारा त्यात भर घालीत होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली व हे लोण आसपासच्या तालुक्यांत पसरले. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या घटनेमागील कारणांत कापसाच्या तेजी-मंदीचा वाटा होता.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. परदेशातील तेजी आपल्या दारात येते तशीच मंदीही येते. तेजीत वाढवलेला खर्च मंदीत कमी होत नाही आणि कर्ज तर मुळीच कमी होत नाही.

१९९१ नंतर काय बदलले?

स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे आपण आपल्या शेतीमालाचा बाजार बाहेरच्या बाजारापासून बराचसा वेगळा ठेवला. महाराष्ट्रात तर १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेला विकावयाचा आणि शासनाने ठरलेला भाव द्यावयाचा, अशी ती पद्धत होती. चुकाऱ्याला होणारा उशीर, प्रतवारीबाबतच्या तक्रारी आणि योजनेचा वाढता तोटा हे तिचे दोष होते. परंतु हंगामाच्या सुरुवातीस भाव माहीत असणे, हा तिचा शेतकऱ्याला होणारा मोठा फायदा होता. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची परवानगी मिळाली आणि एकाधिकार प्रत्यक्षात संपला.

दरम्यान देशाच्या पातळीवर पुढील बदल घडले होते.

१. जुलै १९९१ मध्ये केंद्र शासनाने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या तीन शब्दांपासून मराठीत 'खाउजा' हा शब्द रूढ झाला तो याच धोरणामुळे.

२. १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे गॅट करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. शेती हा विषय प्रथमच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या शिस्तीत गंभीरपणे आणला गेला.

३. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा टप्पा भारताने उठविला. यापुढे आयात रोखण्याचे मुख्य साधन म्हणजे आयात शुल्क हेच उरले.

४. १ जानेवारी २००५ पासून कापडाच्या निर्यातीवरील जुनी कोटा पद्धत जगभर संपली. कोणत्या देशाने किती कापड विकावे याची बंधने गेली. चीन, भारत, बांगलादेश यांचा कापड उद्योग वाढला आणि त्याबरोबर कापसाची मागणीही वाढली.

भावाचे गणित

जगात कापसाचा भाव रुईचा बोलला जातो, कपाशीच्या बोंडातून निघालेल्या सरकीसह कापसाचा नव्हे. आंतरराष्ट्रीय बाजारात तो एका पौंडाला अमुक सेंट असा सांगतात. 'कॉटलुक ए' हा निर्देशांक त्यासाठी सर्वत्र वापरला जातो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातील भावही याच पद्धतीने दिला जातो. आपल्याकडे रुईचा भाव खंडीवर असतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. आपली गाठ १७० किलोची असते.

हे गणित प्रत्येक शेतकऱ्याला करता आले पाहिजे. ते अवघड नाही. पुढील उदाहरणातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपण त्या जागी त्या त्या दिवसाचे आकडे घालावेत.

समजा, आंतरराष्ट्रीय भाव पौंडाला ८० सेंट आहे आणि डॉलरचा दर ८५ रुपये आहे. ८० सेंट म्हणजे ६८ रुपये. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. म्हणून एक किलो रुईचा भाव झाला सुमारे १५० रुपये. खंडीचा भाव झाला सुमारे ५३,४०० रुपये. एक क्विंटल कापसापासून साधारणतः ३४ किलो रुई आणि सुमारे ६४ किलो सरकी मिळते. उरलेली घट असते. ३४ किलो रुईचे ५,१०० रुपये झाले. सरकी ३२ रुपये किलो धरल्यास तिचे २,०४८ रुपये झाले. एकूण ७,१४८ रुपये. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक, बाजार फी आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करून जी रक्कम उरते, तिच्या आसपास आपल्याला भाव मिळतो.

आता याच गणितात एकेक आकडा बदलून पाहू.

• आंतरराष्ट्रीय भाव १० सेंटने उतरला, तर क्विंटलमागे सुमारे ६४० रुपये कमी होतात.

• डॉलर ८५ वरून ८० रुपयांवर आला, तर क्विंटलमागे सुमारे ३०० रुपये कमी होतात. रुपया मजबूत झाला ही बातमी पेट्रोल विकत घेणाऱ्यास चांगली असते, कापूस विकणाऱ्यास नसते.

• सरकीचा भाव ५ रुपयांनी पडला, तर क्विंटलमागे ३२० रुपये कमी होतात. सरकीचा भाव तेल आणि पेंडीच्या बाजाराशी बांधलेला आहे. खाद्यतेलाची आयात स्वस्त झाली की त्याची झळ सरकीमार्फत कापूस उत्पादकालाही बसते.

• रुईचा उतारा ३४ ऐवजी ३६ टक्के मिळाला, तर दोन किलो रुई वाढते व दोन किलो सरकी कमी होते. तेवढ्यानेच त्या क्विंटलची किंमत सुमारे २३५ रुपयांनी वाढते.

पहिले तीन बदल आपल्या हातात नाहीत. चौथा बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. या मुद्द्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळू.

आंतरराष्ट्रीय भावातील चढउतार किती तीव्र असतात, याची कल्पना दोन उदाहरणांवरून येईल. १९९४-९५ च्या हंगामात जागतिक भाव पौंडाला सरासरी ९० सेंटच्या वर होता. २००१-०२ मध्ये तो सरासरी ४२ सेंटच्या जवळ आला. पुढे मार्च २०११ मध्ये तोच भाव २ डॉलरच्याही वर गेला आणि वर्षभरात निम्म्याहून खाली उतरला. कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याचा उत्पादन खर्च एवढ्या वेगाने खालीवर होऊ शकत नाही.

स्पर्धा बरोबरीची आहे काय?

खुल्या व्यापाराचे तत्त्व असे की, ज्याला जे पीक स्वस्तात आणि चांगले घेता येते त्याने ते घ्यावे आणि इतरांना विकावे. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखे आहे. मात्र सर्व स्पर्धकांना सारखेच नियम लागू असतील, तरच ते खरे ठरते.

कृषी करारानुसार शेतीला दिल्या जाणाऱ्या मदतीच्या वेगवेगळ्या 'पेट्या' केल्या आहेत. भाव आणि उत्पादन यांवर थेट परिणाम करणारी मदत पिवळ्या पेटीत येते. संशोधन, विस्तार, पर्यावरण अशा कामांवरील खर्च हिरव्या पेटीत येतो व त्यावर मर्यादा नाही. १९८६ ते १९८८ या काळातील परिस्थिती आधारभूत धरून पिवळ्या पेटीतील मदत श्रीमंत देशांनी २० टक्क्यांनी कमी करावी असे ठरले. याचा व्यवहारात अर्थ असा झाला की, ज्यांची मदत मुळातच प्रचंड होती त्यांना तिचा मोठा भाग चालू ठेवता आला. भारतासारख्या देशांची त्या काळातील मदत नगण्य होती. आंतरराष्ट्रीय भावाशी तुलना करता आपल्याकडील हमीभाव बहुतांश पिकांत कमीच भरत होते. त्यामुळे आपल्या वाट्याला उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांची सवलतीची मर्यादा तेवढी आली.

याचा परिणाम कापसात सर्वांत स्पष्ट दिसला. २००१-०२ मध्ये जागतिक भाव तळाला गेला असताना अमेरिकेतील कापूस उत्पादकांना त्यांच्या सरकारकडून अब्जावधी डॉलरची मदत मिळत होती. तेथे कापूस उत्पादकांची संख्या काही हजारांत आहे. भाव पडला तरी त्यांचे क्षेत्र कमी झाले नाही, कारण पडलेल्या भावाची भरपाई सरकार करीत होते. जो कापूस एरवी पिकवला गेला नसता तो पिकला, जगाच्या बाजारात आला आणि भाव आणखी दबला.

या दबावाची झळ केवळ आपल्यालाच बसली असे नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश पाहा. तेथेही कापूस पावसावर घेतला जातो, शेत लहान असते, वेचणी हाताने होते आणि एक कोटीहून अधिक लोकांची गुजराण या पिकावर आहे. वऱ्हाड-मराठवाड्यातील शेतकऱ्याला तेथील शेत परके वाटणार नाही. या चार देशांनी २००३ मध्ये एकत्र येऊन जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले. १० जून २००३ रोजी बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे यांनी स्वतः जिनिव्हा येथे जाऊन हा विषय मांडला. आम्हाला दान नको, श्रीमंत देशांची कापसावरील अनुदाने बंद करा आणि तोवर नुकसान भरून द्या, असा त्यांच्या मागणीचा सारांश होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील कानकून येथील परिषद निष्फळ ठरली. २००५ मध्ये हाँगकाँग येथे आणि २०१५ मध्ये नैरोबी येथे निर्यात अनुदानांबाबत निर्णय झाले. परंतु देशांतर्गत मदत कमी करण्याचा मूळ प्रश्न दोहा फेरीबरोबरच रेंगाळला.

ब्राझीलने वेगळा मार्ग धरला. सप्टेंबर २००२ मध्ये त्याने अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत रीतसर तक्रार दाखल केली. २००४ मध्ये पंचमंडळाने आणि २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या काही अनुदानांमुळे जागतिक भाव दबला हे मान्य झाले. पुढे अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन हा वाद मिटविला. ब्राझीलने दरम्यानच्या काळात संशोधन, यांत्रिक वेचणी व प्रतवारीवर भर दिला आणि २०२३-२४ च्या हंगामात कापूस निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकले.

या दोन उदाहरणांतील फरक विचार करण्यासारखा आहे. नियम दोघांनाही तेच होते. परंतु वकील, आकडेवारी, संशोधन आणि मोठा देश यांचे बळ ब्राझीलपाशी होते, आफ्रिकेतील चार देशांपाशी नव्हते. जागतिकीकरणाचा परिणाम सर्व विकसनशील देशांवर सारखा होत नाही, तो असा.

आपल्याच घरातील दारे

सर्व दोष परदेशी अनुदानांवर टाकून मोकळे होणे मात्र योग्य नाही. डंकेल प्रस्तावाची चर्चा चालू होती तेव्हा शेतकरी संघटनेचे नेते श्री. शरद जोशी यांनी अशी भूमिका मांडली होती की, भारतीय शेतकऱ्याला परदेशी बाजारापेक्षा स्वदेशी निर्बंधांनीच अधिक लुटले आहे. कर्नाटकातील शेतकरी नेते प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांनी याच प्रस्तावाला कडाडून विरोध केला होता. बियाण्यावरील शेतकऱ्याचा हक्क आणि परदेशी कंपन्यांची पकड हे त्यांच्या काळजीचे विषय होते. त्यानंतरच्या काळाकडे पाहिले तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते असे दिसते.

श्री. जोशी यांच्या मुद्द्याचे उदाहरण म्हणजे निर्यातबंदी. २०१०-११ मध्ये जगात तेजी असताना आपण कापूस निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा घातली होती. ५ मार्च २०१२ रोजी निर्यात अचानक बंद केली गेली. शेतकऱ्यांतून आणि खुद्द मंत्रिमंडळातून विरोध झाल्यावर ती काही दिवसांत शिथिल झाली. परंतु बाजाराला जो धक्का बसावयाचा तो बसला. मंदी आली की जागतिक भाव आपल्याला लागू होतो आणि तेजी आली की दार लोटले जाते, अशी स्थिती असेल तर जागतिकीकरणाचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोचणार कसा?

आयातीच्या बाजूनेही असेच घडते. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात कापसावर आयात शुल्क लावण्यात आले. अधिभार धरून ते ११ टक्के होते. एप्रिल २०२२ मध्ये कापूस महागल्याने गिरण्यांच्या मागणीवरून ते काही महिने माफ केले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, कापड उद्योग अडचणीत आला आणि कापसावरील आयात शुल्क १९ ऑगस्टपासून पुन्हा माफ झाले. ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे आपला नवा कापूस बाजारात येण्याचा नेमका तोच काळ. गिरण्या टिकल्या पाहिजेत याबद्दल दुमत नाही. गिरणी बंद पडली तर कापूस घेणार कोण? परंतु गिरणीवरील संकटाचा भार कापूस उत्पादकाने एकट्याने उचलावा, हेही न्यायाचे नाही.

प्रा. नंजुंडस्वामी यांच्या मुद्द्याचे उदाहरण म्हणजे बियाणे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीस बियाण्याचे पाकीट १,६०० रुपयांच्या वर होते आणि त्यातील मोठा भाग तंत्रज्ञानाच्या शुल्कापोटी जात होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश शासनाने तक्रार केल्यावर किमती निम्म्यावर आल्या. पुढे केंद्र शासनाने दर नियंत्रणाचा आदेश काढला आणि २०१६ पासून दर देशभर ठरवून दिले जाऊ लागले. तंत्रज्ञान परदेशी असले तरी शासनाने ठामपणे हस्तक्षेप केला तर त्याची किंमत आटोक्यात ठेवता येते, हे यावरून दिसते.

नफा आणि तोटा, दोन्ही बाजू

बीटी कापसामुळे सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीचा बंदोबस्त झाला, देशाचे उत्पादन वाढले. २०१३-१४ मध्ये ते सुमारे ३९८ लाख गाठींवर पोचले आणि भारत जगातील प्रमुख निर्यातदार झाला. कापसाला मागणी वाढली ती खुल्या व्यापारामुळेच, हे मान्य केले पाहिजे.

परंतु उत्पादकता पुढे वाढली नाही. देशाचे रुईचे सरासरी उत्पादन हेक्टरी ४५० किलोच्या आसपास घुटमळते. जगाची सरासरी त्यापेक्षा बरीच जास्त आहे. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टर कापूस असून तो बहुतांश कोरडवाहू आहे आणि आपली उत्पादकता देशाच्या सरासरीपेक्षाही कमी आहे. शेंदरी बोंडअळीने बीटीला दाद देणे थांबविले आणि २०१७ च्या हंगामात राज्यात मोठे नुकसान झाले. २०२४-२५ मध्ये तर भारताची कापूस आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली. निर्यातदार देश एका तपात आयातदार झाला.

खर्चाची बाजूही जागतिक बाजाराशी जोडली गेली आहे. पालाशयुक्त खतांसाठी आपण जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर खतांच्या आंतरराष्ट्रीय किमती भडकल्या, तेव्हा याचा अनुभव आला. खर्च जागतिक, भाव जागतिक आणि पाऊस मात्र गावचा, अशी कोरडवाहू शेतकऱ्याची अवस्था झाली.

या सर्वांचा ताण अखेर कुटुंबावर येतो. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांमुळे जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. आत्महत्यांचे कारण एकट्या जागतिकीकरणात शोधणे बरोबर नाही. नापिकी, कर्ज, आजारपण, सिंचनाचा अभाव अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु ज्या शेतकऱ्याला एका वर्षाची नापिकीही सोसत नाही, त्याच्यावर जगाच्या भावाचा धोकाही टाकला गेला, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. अमेरिकेतील शेतकऱ्याचा हा धोका त्याचे सरकार उचलते. आपल्याकडे तो शेतकरी स्वतः उचलतो. जागतिकीकरणाबाबतचा खरा प्रश्न बाजार खुला असावा की बंद असावा एवढाच नाही. धोका कोणी उचलावयाचा, हा आहे.

या दृष्टीने हमीभावाने होणारी खरेदी हे महत्त्वाचे संरक्षण आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. बाजारभाव खाली असताना २०२४-२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळाने देशात सुमारे एक कोटी गाठी कापूस खरेदी केला. खरेदी केंद्रे वेळेवर सुरू झाली तरच या संरक्षणाला अर्थ आहे. त्यासाठी शेतकऱ्यांनी संघटितपणे पाठपुरावा केला पाहिजे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

जागतिक भाव आपण बदलू शकत नाही. परंतु त्या भावात आपला टिकाव लागावा यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

१. प्रति क्विंटल खर्च काढावा. आपण खर्च एकरी मोजतो, बाजार मात्र क्विंटलने पैसे देतो. समजा एकरी ३५,००० रुपये खर्च करून ५ क्विंटल कापूस झाला, तर क्विंटलला ७,००० रुपये पडले. योग्य झाडांची संख्या, वेळेवर पेरणी आणि मूलस्थानी जलसंधारण यांवर आणखी ५,००० रुपये खर्चून ८ क्विंटल झाला, तर क्विंटलला ५,००० रुपयेच पडतात. भाव पडला तरी दुसरा शेतकरी उभा राहतो.

२. जमिनीप्रमाणे वाण निवडावा. हलक्या जमिनीत लवकर येणारे वाण कमी अंतरावर लावावेत. उशिरा येणाऱ्या वाणाला शेवटच्या बोंडांसाठी ओल पुरत नाही. निवड करताना उत्पादनाबरोबर रुईचा उतारा व धाग्याची लांबी यांची चौकशी करावी.

३. फरदड घेऊ नये. डिसेंबर अखेर पीक संपवून पऱ्हाटीची विल्हेवाट लावावी. फरदडीत शेंदरी बोंडअळीचे संगोपन होते आणि पुढच्या हंगामाचा खर्च वाढतो. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे. सलग तीन दिवस प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास उपाय योजावेत.

४. वेचणी स्वच्छ करावी. दव ओसरल्यावर, पूर्ण फुटलेल्या बोंडातील कापूस वेचावा. पालापाचोळा, केस, प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे कापसात येऊ देऊ नयेत. कवडी कापूस वेगळा ठेवावा. पहिल्या वेचणीचा आणि शेवटच्या वेचणीचा कापूस एकत्र करू नये. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचे प्रमाण ८ टक्के धरले जाते, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांवर कापूस घेतला जात नाही.

५. गटाने विक्री करावी. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकाच वाणाचा कापूस एकत्र करून जिनिंगमध्ये रुईचा उतारा तपासून घ्यावा. उताऱ्याप्रमाणे भाव मागता येतो. एकट्याने पाच क्विंटल नेणाऱ्याला तो मिळणे कठीण असते.

६. विक्री टप्प्याटप्प्याने करावी. कर्जफेड व घरखर्चापुरता कापूस आधी विकावा, उरलेला दोन-तीन वेळा विकावा. सर्व कापूस एकाच दिवशी विकणे किंवा सर्वच कापूस तेजीसाठी अडवून ठेवणे, दोन्ही जोखमीचे आहे. खंडीचा भाव, सरकीचा भाव आणि डॉलरचा दर आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावा. वरील गणिताने आपला अंदाज आपणच काढावा.

७. सर्व शेत एकाच पिकाखाली ठेवू नये. कापसात मूग किंवा उडीद घेतल्यास पोळ्याच्या सुमारास हातात पैसा येतो. तुरीच्या ओळींमुळे उशिरा का होईना, दुसरा आधार मिळतो. ज्या वर्षी कापसाचा भाव पडतो त्या वर्षी घर चालते ते या पिकांवर.

समारोप

जागतिकीकरण म्हणजे केवळ संकट नव्हे आणि केवळ संधीही नव्हे. कपड्याचा कोटा संपला तेव्हा आपल्या कापसाला ग्राहक मिळाला, तर अनुदानाचा कापूस बाजारात आला तेव्हा आपला भाव पडला. ब्राझीलने संशोधन, प्रतवारी आणि ठाम सरकार यांच्या बळावर याच बाजारात जागा मिळविली. शासनाकडून आपण स्थिर आयात-निर्यात धोरण, वेळेवर हमीभावाची खरेदी, सिंचन आणि कापूस संशोधनावर पुरेसा खर्च यांची अपेक्षा केली पाहिजे आणि ती संघटितपणे मांडली पाहिजे. तेवढ्याच नेटाने आपल्या शेतातील क्विंटलचा खर्च आणि कापसाची प्रत यांकडे लक्ष दिले पाहिजे. येत्या हंगामात कापूस घरात येण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने या दोन गोष्टींचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. भाव सांगायला मग दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागणार नाही.